बाळापूरचं दुसरं रणांगण

मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे संपवून चहाकडे वळली होती. मुलगा कृषी खात्यात, घरी चार एकर ओलित, वडील नाहीत, सोबत आई आणि मामा. पगार, रास, बहिणींची लग्नं, सगळं विचारून झालं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून प्रश्न आला.

"चक्रधरचं प्रेम होतं का नव्हतं? एका शब्दात सांगा."

मुलगा गडबडला. आई ताठ झाली. मंडळी रिद्धपूरच्या बाजूची, घराणं महानुभाव. हातातली बशी खाली ठेवून बाई म्हणाल्या, "आमच्या स्वामींचं नाव तुमी कोनासंगं जोडून राह्यले?"

पुढची दहा मिनिटं मुलीच्या बापाची हात जोडण्यात गेली. हा चक्रधर तो नव्हे, हा कादंबरीतला, विलायतेहून येणाऱ्या बोटीवरचा, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. बोटीवरचा म्हटल्यावर बाईंचा संशय कमी होण्याऐवजी वाढला. स्थळ गेलं. परतताना भाऊ मला म्हणाले, "बरं झालं. पोट्टं गडबडलं, पाह्यलं ना? प्रेमाच्या मुद्द्यावर जे गडबडते, त्याले पोरगी देऊ नाई."

भाऊंचं नाव सांगत नाही. एक तर बाळापुरात निम्मे लोक भाऊच आहेत, आणि दुसरं म्हणजे नाव छापून आलं तर ते हा अंक घेऊन माझ्या घरी येतील आणि ओळीओळीवर हरकत घेतील. हरकत हा त्यांचा पिढीजात धंदा. तहसीलच्या आवारात टेबल टाकून त्यांनी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले. धुऱ्याचे वाद, वारसाच्या नोंदी, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या खावटीचे अर्ज. त्यातून त्यांचं एक तत्त्व तयार झालं की माणूस अर्जात जे लिहायला सांगतो ते त्याचं कारण नसतंच. खरं कारण तो पैसे देताना बोलतो. हे तत्त्व त्यांनी अर्जांपुरतं ठेवलं असतं तर गाव सुखी असतं. त्यांनी ते विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ला लावलं.

हे पुस्तक त्यांच्या हाती चुकून पडलं, ही गोष्ट ते स्वतः फार रंगवून सांगतात. कॉलेजात असताना निबंधाचा विषय होता, बाळापूरची लढाई. आमच्या गावाजवळ 1720 साली निजामानं आलम अली खानाचा पराभव केला, मराठे आलम अलीच्या बाजूनं होते, आणि दख्खनचं पुढचं पुष्कळसं राजकारण इथल्या मैदानावर ठरलं. एरवी आमच्या गावाची ओळख म्हणजे मन आणि म्हैस या दोन नद्या, त्यांच्या बेचक्यातला किल्ला, बाळादेवी, मिर्झा राजे जयसिंगाची छत्री आणि सतरंज्या. तर भाऊ वाचनालयात गेले, आणि पाठीवर 'रणांगण' असं नाव पाहून पुस्तक घेऊन आले. रात्री कंदील लावून बसले. पंचवीस पानं झाली तरी निजाम येईना. पन्नास पानांवर एक जर्मन पोरगी आली. पहाटे पुस्तक संपलं. सकाळी ते वाचनालयात गेले आणि ग्रंथपालांना म्हणाले, "याच्यात एक तोफ नाई." पुस्तक परत केलं, दाराबाहेर आले, उभे राहिले, पुन्हा आत गेले आणि तेच पुस्तक पुन्हा स्वतःच्या नावावर लावून घेतलं. याला पन्नास वर्षं होत आली. त्या प्रतीच्या मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मारायला जागा उरली नाही म्हणून दोनदा नवी चिठ्ठी डकवली, आणि तिन्ही चिठ्ठ्यांवर बहुतेक एकच सभासद क्रमांक आहे. लढाईचा निबंध राहिला तो राहिलाच.

ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. चक्रधर विध्वंस नावाचा मराठी तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून इटालियन बोटीनं परत येतो आहे. बोटीवर हिटलरच्या भीतीनं घरदार सोडून निघालेले ज्यू आहेत, त्यांत हर्टा आहे. तिचा आधीचा एक कार्ल आहे, याची आधीची एक उमा आहे, आणि उमा दुसऱ्याची झाल्यापासून हा समस्त बाईजातीवर रुसलेला आहे. समुद्रावर दोघं जवळ येतात. मुंबई आल्यावर तो उतरतो. तिला उतरायला परवानगी नाही, तिची बोट पुढे पूर्वेला जाते. मग तिची पत्रं येतात आणि तिनं समुद्रात जीव दिल्याची बातमी. एवढंच. पुस्तक लहान आहे, अकोल्याहून नागपूरला पोचेपर्यंत पॅसेंजरमध्ये वाचून होतं. भाऊंचं ते अजून वाचून व्हायचं आहे.

त्यांचा निकाल पक्का आहे. चक्रधरचं हर्टावर प्रेम नव्हतं. उमेवरचा राग त्यानं हर्टावर काढला, मुंबई आली, हात झटकले. "प्रेम असतं तं उतरला असता का थो?" हा त्यांचा हुकमाचा एक्का. बोटीत बसून राहायचं, जिथं ती जाईल तिथं जायचं. दुसरा मुद्दा खास कचेरीतला. सगळी गोष्ट चक्रधरनं स्वतः सांगितली आहे. म्हणजे आरोपीनंच जबानी दिली, आरोपीनंच पंचनामा लिहिला आणि आरोपीच शेवटी डोळे पुसून राहिला. "फिर्यादी कोठी आहे? तिले तं समुद्रात टाकून देली. आता काय इचारता, प्रेम होतं का?"

हा दुसरा मुद्दा मला अजूनही खोडता आलेला नाही. मराठीतल्या समीक्षकांनी या पुस्तकावर पुष्कळ लिहिलं आहे, पण अर्जनवीसाच्या टेबलावरून ते असं दिसतं हे मला भाऊंनीच दाखवलं.

एक अडचण त्यांनाही आहे. विश्राम बेडेकर अमरावतीचे, जन्म 1906चा. वऱ्हाडच्या मातीतला माणूस आणि त्याचा नायक पोरीला बोटीवर सोडून उतरतो, हे भाऊंच्या पोटात टोचतं. त्यावर त्यांनी तोडगा काढला आहे. लेखक आपला आहे, नायक आपला नाही. नायक त्यांना पुण्याकडचा वाटतो. पुरावा काय म्हणून विचारलं तर म्हणतात, "बोलणं पाहा त्याचं. मनात एक, तोंडात एक, आन् दोनी शुद्ध."

बेडेकरांच्या संसाराचीही त्यांनी अर्जातल्या वारसाच्या बारकाईनं चौकशी केलेली आहे. 1938 साली लग्न, 1939 साली पुस्तक. बायको साधीसुधी नाही, मालतीबाई, म्हणजे 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर. त्या पुस्तकानं 1933 साली महाराष्ट्राची झोप उडवली होती आणि लिहिणारी बाई कोण म्हणून लोक शोधत फिरत होते. "आता तुमीच सांगा," भाऊ आवाज खाली आणतात, "नवं लग्न, घरात विभावरी शिरूरकर, आन् नवरा बोटीवरच्या पोरीवर पुस्तक लिहून राह्यला. थे बाई वाचनार नाई का? अशा बाईसमोर खोटं प्रेम लिहिता येत नाई. म्हणून त्यानं खोटं प्रेम खोटं म्हणूनच लिहिलं." हा युक्तिवाद कुठून कुठे जातो हे मला कधीच कळलं नाही, पण तो ऐकताना मान आपोआप हलते.

भाऊंना प्रतिपक्ष नसता तर पाच-सहा वर्षांत विषय संपला असता. प्रतिपक्ष म्हणजे मास्तर. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, उंच, पांढरी दाढी, बोलण्यात घाई नाही. घरचं जुनं काम सतरंज्यांचं. पुढच्या खोलीत दुकान आहे, तिथं सतरंज्यांच्या थप्पीवर तीस वर्षं संध्याकाळी हा खटला चालतो. आमच्या बाळापूरच्या सतरंजीचा गुण असा की ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, उलटी कुठली आणि सुलटी कुठली हे विणणाराच सांगू शकतो. मास्तर तीच थप्पी थोपटून म्हणतात, "भाऊ, तुमी म्हनता राग होता, मी म्हनतो मोहब्बत होती. पलटवून पाहा. डिझाइन एकच हाय."

मास्तरांचं म्हणणं, प्रेम होतं. पहिल्या दिवशी नसेल, सूड म्हणूनच सुरू झालं असेल, पण समुद्रावर बदललं. आणि उतरण्याचं म्हणाल तर ते काय त्याच्या मर्जीवर होतं? "पासपोर्ट होता, परवाना होता, सरकार होतं. आमच्या घरातले लोक कराचीले गेले, भाऊ. परत याले व्हिसा भेटला नाई. मंग त्यांचं आमच्यावर प्रेम नव्हतं का?"

यावर भाऊ एक मिनिट गप्प बसतात. मग म्हणतात, "थे वेगळं."

"वेगळं कसं?"

"थ्यांनी कादंबरी लिहिली नाई."

मग चहा येतो. या चहाची एक तक्रार आहे आणि ती चहावाल्याची आहे. भाऊंचा चहा रोज दोनदा करावा लागतो. पहिला कप बोलण्याच्या भरात गार होतो, सतरंजीवर तसाच राहतो, साय धरते, मग मास्तर पोराला हाक मारून दुसरा मागवतात. पैसे मात्र एकाचेच देतात. तीस वर्षांच्या गार चहाचा हिशेब काढला तर हर्टाला बोटीचं परतीचं तिकीट निघालं असतं, असं चहावाला एकदा म्हणाला. पुस्तक न वाचता त्याला सगळी पात्रं पाठ आहेत.

तशी ती गावात बऱ्याच जणांना पाठ आहेत, कारण भाऊ गोष्ट सांगतातच तशी. त्यांच्या तोंडून ऐकलं तर हर्टा शेगावची वाटते. सुएझपासून मुंबईपर्यंतचा समुद्र ते पारस, गायगाव, अकोला अशा ओळखीच्या स्टेशनांसारखा पार करतात. बोटीवरचा लहानगा लुई त्यांच्या सांगण्यात "लुई पोट्टं" होतो. ऐकणारा उठून जाऊ शकत नाही. एकदा एसटी चुकली म्हणून बसलेला पातूरचा एक माणूस पुढच्या दोन गाड्याही सोडून बसला होता.

घरात मात्र या साहित्यसेवेची वेगळी नोंद आहे. काकू एकदा लसूण सोलता सोलता मला म्हणाल्या, "थे हर्टा कोठी समुद्रात मेली, सुतक मात्र माह्या घरात. पन्नास वर्स झाले, फिटून नाई राह्यलं." नातीच्या बारशाला भाऊंनी 'हर्टा' हे नाव सुचवलं होतं. सुनेच्या माहेरचे लोक उठून निघाले होते म्हणतात. शेवटी 'ह'वर तडजोड झाली. ज्या माणसाच्या मते हर्टा फसवली गेली, त्यानं नातीला तेच नाव का द्यावं, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "फसली म्हणून नाव वाया जाते का?"

मध्यंतरी अकोल्याहून एक प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. चांगले बोलले. 'रणांगण'मधलं प्रेम हे निमित्त आहे, खरा विषय युद्ध, राष्ट्र, वंशाचा अभिमान, माणसाचं बेघर होणं हा आहे, असं त्यांनी पाऊण तास पटवून दिलं. मला पटलं. मागच्या रांगेतून भाऊ उभे राहिले. "साहेब, तुमी म्हनता थे सगळं मंजूर. पण प्रेम होतं का नव्हतं?" प्राध्यापक हसले आणि म्हणाले की प्रश्न असा विचारता येत नाही. भाऊ म्हणाले, "इचारला ना आताच." तेव्हा पहिल्यांदा मास्तर आणि भाऊ एका बाजूला झालेले मी पाहिले. तिसरा कुणी बोलला की या दोघांची युती होते. मीही एकदा माझं मत सांगून पाहिलं होतं, की प्रेम होतं, पण ते त्याला मुंबईला उतरल्यावर कळलं, आधी नाही. दोघांनी मिळून माझा असा समाचार घेतला की मी पुढचे सहा महिने पारसच्या वीज केंद्राच्या राखेबद्दलच बोलत राहिलो.

पण त्याच व्याख्यानात भाऊंना खरा धक्का दुसरीकडून बसला. बी.ए.च्या वर्गातली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "भाऊ, 'धग'मधल्या कौतिकचं महादेववर प्रेम होतं का, हे तुमी कधी इचारलं का?"

उद्धव शेळक्यांची 'धग' 1960ची. ती तर ह्याच मातीतली, ह्याच बोलीतली. हातावर पोट असलेलं घर, निरुपयोगी आणि मग महारोगानं खंगत गेलेला नवरा, आणि कौतिक सगळं एकटी ओढते, ओढता ओढता संपते. बोटीवरची आठ-दहा दिवसांची ओळख आम्ही पन्नास वर्षं उलटसुलट करून पाहिली. आणि जी बाई आमच्या शेजारच्या गावात राहायची अशी वाटते, तिच्या मनाचा कुणी अर्जही लिहिला नाही.

भाऊ आठ दिवस सतरंजीवर आले नाहीत. काकूंना वाटलं तब्येत बिघडली. नवव्या दिवशी आले, बसले, आणि कुणी न विचारता म्हणाले, "कौतिकले टाइम कोठी होता?" मास्तर म्हणाले, "मंग हर्टाले होता म्हनून प्रेम झालं का?" भाऊ म्हणाले, "बोटीत काम काय असते?" आणि जुना खटला पुन्हा सुरू झाला. पण त्यानंतर कधीमधी बोलता बोलता ते थांबतात आणि विचारतात, "थे पोरगी कोनाची होती?" तिच्या लग्नाचं निघालं तर भाऊंना बोलवू नका, असं मी तिच्या बापाला सांगून ठेवलं आहे.

मागच्या वर्षी वाचनालयानं जीर्ण पुस्तकं बाद करायला काढली. 'रणांगण'ची ती प्रत पहिल्याच गठ्ठ्यात होती. पाठ सुटलेली, कडा खाल्लेल्या, समासात पेन्सिलीनं जागोजाग "हरकत". भाऊंनी ती रद्दीच्या भावानं विकत घेतली, आणि वाचनालयाला नवी प्रत मीच आणून दिली. तेव्हाच एक मास्तरांसाठीही घेतली. तीस वर्षं हा माणूस भांडतो आहे, स्वतःचं पुस्तक नको का? संध्याकाळी भाऊ यायच्या आधी दुकानात गेलो आणि पुढे केली.

मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, चाळलं, कव्हरवरून हात फिरवला आणि परत माझ्या हातात दिलं.

"मी काय करू याचं? माही नजर पेपरातल्या मथळ्यापुरती. आन् वाचायचंच असतं तं तवाच वाचलं असतं."

"म्हणजे? तुम्ही वाचलेलं नाही?"

"नाई."

"एकदाही?"

"भाऊ सांगते ना."

मी थप्पीवर बसलो. म्हणजे तीस वर्षं प्रेम होतं, प्रेम होतं म्हणून जो माणूस किल्ला लढवत होता, त्याच्याजवळ दारूगोळा सगळा शत्रूच्याच कोठारातला होता. मी म्हटलं, "मास्तर, भाऊ तर प्रेम नव्हतं असंच सांगतात. मग तुम्हाला प्रेम दिसलं कुठून?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमी त्याच्या कपाकडे कधी पाह्यलं? सुएझ आलं, पिते. लुई आला, पिते. उमा आली तं घोट घोट पिते, शिव्या देत. आन् मुंबई आली का कप खाली ठेवते. तीस वर्सांत एकदाही ह्या मानसानं मुंबई चहा पीत पीत सांगतली नाई."

बाहेर चपला वाजल्या. भाऊ आले, बसले, घाम पुसला. मी पुस्तक पिशवीत सरकवलं. त्या दिवशी पातूरकडचा एक नवा पटवारी सोबत होता, त्यानं गोष्ट ऐकली नव्हती. भाऊंचा चेहरा उजळला. पहिला चहा आला. बोट निघाली. हर्टा आली, कार्ल आला, उमेचा उद्धार झाला, दोन घोट गेले. सुएझ मागे पडलं. पटवारी पुढे सरकून बसला. मी कपावरून नजर हलवत नव्हतो.

"मंग मुंबई आली," भाऊ म्हणाले, आणि हात खाली गेला. कप सतरंजीच्या निळ्या पट्ट्यावर टेकला. भाऊ बोलत राहिले. परवानगी नाही, जिना, धक्का, वर कठड्याशी उभी ती. अचानक त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"काय पाहून राह्यला?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या नजरेमागून कपाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. मास्तर थप्पीतला एक दोरा निवडत होते. भाऊंनी कप उचलला, साय धरलेला तो गार चहा एका दमात पिऊन टाकला, तोंड वाकडं केलं आणि पटवाऱ्याकडे वळून म्हणाले, "प्रेम नव्हतं."

मास्तरांनी चहावाल्याच्या पोराला हाक मारली.